टेपमधली रखमा

“आई बाबांना बावखलात बोलावतेय,” सुलू म्हणाली, आणि सुकाच्या हातातला चहा बशीत सांडला.

सुका पागधरे निवृत्त हवालदार. उभ्या नोकरीत चोरांना भ्यायला नाही, पण भुताचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसायची. समोर बसलेले तात्या राऊत पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. पालघरच्या या खोलीत बसून ते आता लोकांचे खाजगी तपास करत, आणि सुकाला उगाच बरोबर नेत.

“तुझी आई जाऊन वर्ष झालं ना?”

“हो. आमच्या वाडीतल्या तळ्यातच, बावखलात. आता रोज संध्याकाळी टेपमधून तिचा आवाज येतो. बाबांनी पंधरा दिवस अन्न टाकलंय. काल गुडघाभर पाण्यात उभे होते, मी ओढून आणलं. तात्या, आई गेली, आता बाबाही जातील हो!”

तात्यांनी छत्री उचलली.

सुलूच्या गावी, चिंचणीला जाताना वाटेत तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामाचा बाराचा भोंगा झाला. सुकाने सवयीने घड्याळ लावलं. परत फिरावं असं त्याला फार वाटत होतं.

चिकूच्या वाडीत शिरायला बावखलावरचा सांकव ओलांडावा लागे, म्हणजे या काठावरून त्या काठावर टेकवलेला ताडाचा एक ओंडका. सुलूच्या बाबांचा, दीनानाथचा, धाकटा भाऊ भिका पलीकडे उभा होता.

“भिऊ नका, या. मीच बसवलाय, मजबूत हाय. वाडीची ही कामं माझ्याकडंच.”

“वहिनी गेल्या त्या दिवशी काय पाहिलंत?” तात्यांनी विचारलं.

“सकाळी दादाशी भांडण झालं नि ती त्या पायरीवर येऊन रडत बसली. मी समोर चिकूच्या आळ्यांना पाणी देत होतो. दुपारी भोंगा झाल्यावर जेवायला गेलो, तोवर ती जागची हलली नाय. पोलिसांनाबी हेच सांगितलं.”

दीनानाथ ओटीवर बसला होता, अगदी हाडांचा सापळा. मागे त्याचा संसार मांडलेला: जुने रेडिओ, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, कपाटाएवढा स्पीकर आणि परदेशी टेपरेकॉर्डर. सगळं वापरलेलं, कुणाकुणाकडून आणून जिवापाड जपलेलं.

“भांडण कशावरून?”

“तिनं ओलं लुगडं माझ्या रेडिओच्या तारेवर वाळत घातलं. मी नको ते बोललो. तारेपायी बायको घालवली मी.” त्याने तोंड झाकून घेतलं.

“आणि हा टेपरेकॉर्डर?”

“तारापूरच्या परदेशी वसाहतीत एक मडम होती, रखमा तिच्याकडे चिकू घेऊन जायची. ती मायदेशी गेली. तिचा माळी जिवल्या थेट इथंच घेऊन आला, दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. वर रीळ होतं. त्याच्या एका बाजूवर मी भजन भरलं. दुसऱ्या बाजूला मडमेची गाणी असतील म्हणून कधी लावली नाही. पंधरा दिवसांपूर्वी आवाज दबका वाटला म्हणून टेप वाचणाऱ्या डोक्याजवळचा स्क्रू जरा फिरवला. त्याच संध्याकाळी ती आली.”

त्याने कळ दाबली. टाळ वाजू लागले, आणि त्यांच्याखालून एक बाई बोलू लागली. शब्द कळत नव्हते. प्रत्येक स्वर हळूच फुगायचा आणि पटकन तुटायचा, जणू ती श्वास आत ओढत बोलत होती. सुकाने रामाचं नाव घेतलं आणि खांब धरला.

तात्या मात्र मागच्या पडवीत भात कांडणाऱ्या मोलकरीण नवसीकडे गेले. रखमाला पाण्यात पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं.

“सांजंला दिसली बाई,” नवसी म्हणाली. “कमरंला फडकं होतं, त्यात बिस्कुटं बांधलेली, पार लगदा झालेली. सांकवाचा ओंडका पन नवा होता त्या सांजंला. जुना सडलेला, बाई रोज भिकादादाला सांगायची, बदल म्हनून.”

तात्या परतले ते स्पिरिट आणि कापूस मागत. टेप वाचणारं डोकं त्यांनी पुसलं. कापूस काळा झाला. मग स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. भजन खणखणीत वाजलं, बाई गायब!

“गेली?” सुकाने आशेने विचारलं.

“भिकाला बोलवा,” तात्या म्हणाले.

सगळे ओटीवर जमले. “टेपच्या पट्टीवर दोन वाटा असतात,” तात्यांनी सांगितलं. “एका बाजूची वरच्या अर्ध्यात, दुसरीची खालच्या. रीळ उलटलं की दुसरी वाचायची. दीनानाथांनी स्क्रू फिरवला, डोकं खाली घसरलं आणि दोन्ही एकदम वाचू लागलं. खालची मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे. भूत नाही, उलटं बोलणं.” त्यांनी रीळ उलटून लावलं.

स्पीकरमधून रखमा हसली. इतकी स्वच्छ, की सुलूने दाराकडे वळून पाहिलं.

“तुमाला मराठी शिकवायची तर भांडायला पन शिकवते, मडमबाई! आज सकाळीच घरधनी तापले. रेडिओच्या तारेवर माझं लुगडं! सांजंला आपनच येतील गोड बोलायला. आवाजाचं येडं मानूस. तुमी देशी जाल तवा हे यंत्र त्यांनाच द्या, दुसऱ्याला नको. आनि बिस्कुटं बांधा, माझ्या सुलूला.”

मागे लांबवर भोंगा झाला. सुकाचा हात आपोआप घड्याळाकडे गेला.

“बाराचा,” तात्या म्हणाले. “भांडण त्या सकाळचं, भोंगा त्या दुपारचा. म्हणजे भिका, तू म्हणतोस तेव्हा वहिनी पायरीवर नव्हती, वसाहतीत हसत होती. लेकीसाठी खाऊ बांधणारी बाई जीव द्यायला येत नाही. ती घरी यायला सांकवावर चढली आणि तुझा सडका ओंडका मोडला. संध्याकाळच्या आत नवा घालून, रडण्याची गोष्ट रचून, तू पाप भावाच्या गळ्यात बांधलंस. तू खोटं का बोललास, याला एवढं एकच उत्तर आहे.”

भिका भावाकडे वळला. “मी आलो तवा ती गेलेली, दादा! खरंच गेलेली! उद्या बदलू, उद्या बदलू म्हनत राहिलो. लोक काय म्हनतील म्हनून...”

“ओंडका कुणाच्याही हातून राहतो, भिका,” दीनानाथ सावकाश म्हणाला. “ते मी विसरलो असतो. पण वर्षभर मी मनात जळत होतो, आता तळ्याकडे निघालो होतो, आणि तू नुसता बघत होतास.”

भिकाने त्याचे पाय धरले. सुकाला ते बघवेना. भिकाला उठवायला तो पुढे झाला. तात्यांनी सुकाचा दंड धरून त्याला थांबवलं.

दीनानाथने भावाला उठवलं नाही. रखमा अजून बोलत होती आणि तो ऐकत होता.