हिरव्या पट्ट्यांची खुर्ची

"अहो बाई, थांबा! पायरी!"

दोन्ही हात हलवत एक उंच माणूस घरगाडीच्या पुढ्यात आला, तेव्हा मारिसेलाने करकचून ब्रेक दाबला.

"आत घ्यायची राहिलीय," तो धापा टाकत म्हणाला. "अजून दहा हात गेला असतात, तर त्या निवडुंगानं ठेवून घेतली असती."

"निवडुंग तुमचा दिसतोय... एवढी काळजी!"

"दीडशे वर्षांचा आहे तो. आम्हीच त्याचे."

तो ऑरिन. हिवाळाभर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम करणाऱ्यांच्या घरगाड्यांची गळकी छपरं आणि रुसलेले पाण्याचे पंप दुरुस्त करत हिंडायचा. मारिसेला त्याच गाड्यांच्या दारापुढे ताणायची कापडी छतं शिवून द्यायची. वाकलेली पायरी त्याने सरळ केली आणि जाताना बजावलं, "निघताना काय काय आत घ्यायचं, त्याची यादी दाराला चिकटवा."

तिने चिकटवली. पायरी, अँटेना, पाण्याची नळी आणि शेवटी खुर्ची. ती खुर्ची तिने स्वतः हिरव्या पट्ट्यांनी विणली होती. पाणी भरायला गावात जाताना जागेवर खुर्ची ठेवली, की त्या माळावर कुणी ती जागा घेत नसे.

सरकारी माळावर चौदा दिवस राहता येई. मग पंचवीस मैल पुढे सरकावं लागे. मारिसेलाला तेवढाही धीर नसे. टूसॉनचं आईचं घर विकलं गेल्यापासून तिने एक खूणगाठ बांधली होती : जागेने आपल्याला सोडण्याआधी आपण जागा सोडावी. नवव्या-दहाव्या दिवशीच तिच्या पायाला भिंगरी लागे.

यंदा मात्र दहावा दिवस गेला, अकरावाही गेला... ऑरिन संध्याकाळी भाजलेल्या मिरच्या घेऊन यायचा आणि ती मक्याच्या टॉर्टिया-पोळ्या शेकायची. बाराव्या दिवशी डोंगरामागून पावसाची एक सर धावत आली. ओल्या झुडपांचा उग्र वास माळभर पसरला. तिने नुकत्याच शिवलेल्या कापडी छताखाली दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"गळतेय," तो वर बघत म्हणाला.

"माझी शिवण? शक्यच नाही!"

"मग हा थेंब कुठला?"

त्याने तिच्या कपाळावरचा थेंब बोटाने टिपला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"परवा मुदत संपते," तो हळूच म्हणाला. "मी लाल टेकडीमागे जातोय. तिथे दोन गाड्यांपुरती सपाट जागा आहे... येशील?"

'येशील' — पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं होतं. तिच्या छातीत एकाच वेळी काहीतरी उमललं आणि घाबरलं.

"बघते," ती म्हणाली.

चौदाव्या दिवशी सकाळी तो पंप बसवायला गेला होता, तेवढ्यात तिने आवरलं. पायरी आत, अँटेना खाली, नळी गुंडाळलेली. यादीवर तीन खुणा झाल्या. चौथ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. तिने पेन्सिल ठेवली आणि गाडी सुरू केली. आरशात हिरवी खुर्ची लहान लहान होत गेली... तिचा पाय ब्रेकवर गेला, पण तिने तो दाबला नाही.

पश्चिमेला साठ मैल गेल्यावर ती पेट्रोल भरायला थांबली. पुढे समुद्रापर्यंत रस्ता मोकळा होता. तिला आयुष्यभर हवा होता तसाच. तरी गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायला हात होईना. दारावरच्या यादीत चौथ्या ओळीपुढची जागा तेवढी कोरी दिसत होती.

तिने गाडी वळवली.

लाल टेकडीमागे ती पोहोचली तेव्हा ऊन कलत होतं. ऑरिन छपरावर बसून भेगा बुजवत होता. त्याच्या गाडीशेजारची सपाट जागा रिकामी होती. मधोमध उभी होती हिरव्या पट्ट्यांची खुर्ची.

"तीन जणांनी जागा मागितली!" तो वरूनच ओरडला. "मी म्हटलं, बाई पाणी भरायला गेल्यात."

"साठ मैलांवर?"

"तहान मोठी असेल." तो शिडीवरून उतरून समोर आला. हसू मावळलं होतं. "खरंच पाणी भरायला गेली होतीस?"

"नाही... पळून चालले होते."

"मग खुर्ची विसरलीस, म्हणून परत आलीस?"

मारिसेलाने दारावरची यादी काढून त्याच्या हातात दिली.

"विसरले नव्हते," ती म्हणाली. "ठेवून गेले होते."

ऑरिनने कागदावरच्या तीन खुणा पाहिल्या. मग चौथी ओळ. कागदाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली.

"पुन्हा चौदाच दिवस मिळतील," तो म्हणाला.

"मग यादी नीट सांभाळ. पुढच्या वेळी दोन खुर्च्या आत घ्यायच्यात."