अण्णांची उर्दू

"मेंदू तपासायला आलेल्याचाच मेंदू फोडायची सोय केलीय या चौकटीनं!" कपाळ चोळत डॉक्टर पुटपुटले. दाराआड हातभर अंतरावर उभ्या भानुमतीला हसू आवरेना.

"कोण हसलं?"

"चौकट," ती म्हणाली आणि पदर सावरत पुढं आली.

डॉक्टर केशव हैदराबादेहून नुकतेच औरंगाबादेत आलेले. उंच, अन् जराशा शब्दानं कान लाल होणारे. तिनं नजर काढून घेतली... पण जरा उशिराच.

आजारी होते तिचे वडील, व्यंकटराव; घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. निजामाच्या कचेरीत तीस वर्षं पेशकार. लोकांचे अर्ज साहेबापुढं मांडणारे. महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून मराठी पार गेली. उरली ती उर्दू, तीही तुटक. बाजारातली दखनी घरात सगळ्यांना कळे. कचेरीतली ही जड उर्दू मात्र एकट्या भानुमतीला. शेजारच्या जोहराबींकडून ती शिकली होती, काकासाहेबांची बोलणी खाऊन.

हे काकासाहेब अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांनी बजावलं होतं, "गुरुवारी गंगापूरचे पाहुणे येताहेत भानूला बघायला. दादाला माडीवर ठेवू, बाहेरून कडी लावून." का, ते कुणी विचारत नव्हतं. वेड हा शब्द सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्याच तोंडात नव्हता.

डॉक्टरांनी खिशातली किल्ली काढून अण्णांपुढं धरली. "हे काय?"

अण्णांचे ओठ हलले, थांबले. डोळे भरून आले.

"मेंदूत डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते," केशव म्हणाले. "तिथं इजा झालीय. दोन भाषा येत असल्या तर कधी एकच तरते. तीच का, ते मला सांगता येणार नाही."

"मी सांगू? मराठी शब्द सापडेना की सगळे तोंडाकडं बघत बसतात, अण्णांना लाज वाटते. कचेरीत, उर्दूत, असं बघायची कुणाची टाप होती?" ती जाजमावर खाली बसली, जुना कागद दोन्ही हातांत धरून. "पेशकारसाहब, अर्जी है."

अण्णांची पाठ ताठ झाली. "पढो."

केशव बघतच राहिले. अण्णांकडं नव्हे.

मग ते रोज येऊ लागले. "आज बी डाक्टर?" स्वैपाकघरातून साळूबाई म्हणे. "कालच तर अण्णा बरे दिसत व्हते की!"

"मेंदूचं तुम्ही बघा," भानुमती एकदा म्हणाली, "माणसाचं मी बघते."

"आणि माझं... कोण बघणार?"

कान लाल. ती चहा करायला वळली. त्यांच्या कपात साखर दोनदा पडली.

गुरुवारी काकासाहेब अण्णांना उठवायला आले, तशी ती जिन्यासमोर उभी राहिली.

"अण्णा ओटीवर बसतील, काका. बोलतील. मी अर्थ सांगेन. ज्यांना चालायचं नाही, त्यांच्या घरी मी जाणार नाही."

पाहुणे आले. नेमके केशवही आले आणि दारातच घुटमळले. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. सावकाश, एकेक शब्द जोखत म्हणाले, "डॉक्टरसाहब... मर्ज, बहाना. सबब... साहबजादी."

पाहुण्यांतले वडीलधारे बद्रीनाथ पुढं सरकले. "काय म्हणाले?"

सगळी वैद्यकी उर्दूत शिकलेल्या केशवना कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

महिनाभर तिनं अण्णांचा एक शब्द गाळला नव्हता. आज गाळला असता तर पाहुण्यांना काय कळणार होतं? तिनं वडिलांकडं पाहिलं. ताठ बसले होते, कचेरीत बसावं तसे. तिचीही मान वर झाली.

"अण्णा म्हणतात, आजार हे निमित्त. डॉक्टर येतात ते माझ्यासाठी."

"भानू! दादाला काय कळतंय —"

"सगळं कळतंय, काका. ते वेडे नाहीत." तिनं दाराकडं पाहिलं. "आणि मीही रोज डॉक्टरांची वाट बघते. हे अण्णांचं नाही... हे माझं."