शून्याला घाबरलेला माणूस

“खरवड की! नुसती उभी काय राहिलीस?” टिकलीने मुंगीच्या हातात खरवडणी कोंबली. “सुट्टीत डोंगर चढायचं ठरलं होतं आपलं. चढतोय काय, तर काजळीचा डोंगर!”

“चढतोय मी! तुम्ही दोघी खालून हुकूम सोडताय!” शिडीवरून भोंगा ओरडला. तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखंच वाटे. नाव त्यावरूनच पडलं होतं. टिकली आणि भोंगा ही मुंगीची मावसभावंडं. सुट्टीला आली होती.

मुंगी हसली नाही. हे जळकं दुकान तिच्या आईचं. आई इथे बॅटऱ्या जोडायची. बारा दिवसांपूर्वी चार्जिंगला लावलेल्या पेट्यांनी पेट घेतला. मागच्या खोलीत मुंगी चित्र रंगवत बसली होती. ती बाहेर पडेपर्यंत आई पेटत्या पेट्या हातांनी दूर ढकलत राहिली.

आता आई रुग्णालयात पहिल्या मजल्यावर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. छताकडे बघत ती एकच विचारायची, “मी काय विसरले गं?”

आणि बॅटऱ्या तर मिठाच्या होत्या! सोडियमच्या बॅटऱ्यांना आई ‘मिठाच्या’ म्हणे. लिथियमच्या तापट, त्यांना अगदी शून्यावर उतरवलं तर त्या आतून बिघडतात, आणि पुन्हा भरायला गेलं की भडकू शकतात. मिठाच्या मात्र शून्यावर खुशाल ठेवाव्यात, हव्या तेव्हा भराव्यात. म्हणून जोडणीआधी आई त्यांना शून्यावर आणी. या वेळीही तिने तेच केलं होतं.

“बाईंचा निष्काळजीपणा, दुसरं काय!” माल देणारा पुरवठादार म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. हळूहळू आईनेही डोलावली, हेच मुंगीला सगळ्यात जास्त लागलं होतं.

“ए, हे बघा!” भोंग्याने फळीमागून एक फुटलेला सेल काढला. चादरीसारखी आतली गुंडाळी उलगडली होती. “बाहेर काळं, आत लाल. चॉकलेट सडलंय जणू!”

मुंगीने गुंडाळी बोटाने पुसली. काजळीखाली तांबूस पत्रा चमकला. काम करताना आई गुणगुणायची ते तिला ऐकू आलं:

लिथियमच्या पायी गं
एक तांब्याचा तोडा,
सोडियमबाईचा
पांढरा पांढरा जोडा!

“मिठाच्या सेलमध्ये तांबं नसतंच!” मुंगी किंचाळली. “दोन्ही पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. हा लिथियमचा सेल आहे. वर सोडियमचं लेबल लावलंय!”

“म्हणजे मावशी काहीच विसरली नव्हती,” टिकली सावकाश म्हणाली. “लिथियमच्या बॅटऱ्या तिने मिठाच्या समजून शून्यावर आणल्या.”

“उरलेला माल कुठंय?” भोंग्याने पहिल्यांदाच हळू विचारलं.

“रुग्णालयाच्या तळघरात. वीज गेली की श्वासाची यंत्रं त्यावर चालणार. आज चार वाजता सुरू करतायत, सकाळी आईजवळ बसले होते तेव्हा ऐकलं.” मुंगी दाराकडे वळली. “वर आई आहे.”

घड्याळात साडेतीन वाजले होते. तिघं सुसाट पळत सुटली.

तळघराच्या खोलीत बत्तीस पेट्या रांगेने उभ्या होत्या. भिंतीवर सूचना चिकटवली होती: ‘पूर्ण शून्यापर्यंत वापरा. धोका नाही.’ रुग्णालयाच्या अभियंता बाई चार्जिंगच्या मोठ्या खटक्याजवळ उभ्या होत्या. शेजारी पुरवठादार, इस्त्रीच्या शर्टात.

“मॅडम, थांबा! या मिठाच्या नाहीत!” मुंगीने फुटका सेल पुढे धरला. “यात तांबं आहे!”

पुरवठादार कनवाळूपणे हसला. “जळक्या दुकानात तांब्याच्या तारा काय कमी असतात, बाळ? मॅडम, त्या बाईंची मुलगी ही. आईसाठी तडफडतेय बिचारी.”

“मग एक पेटी उघडून दाखवा!” टिकली म्हणाली.

“सीलबंद माल आहे. उघडला की हमी संपली.”

अभियंता बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “मुलांनो, वर रुग्ण आहेत. गडबड नको. बाहेर व्हा बघू.” त्यांचा हात खटक्याकडे गेला.

मुंगीचे डोळे भरून आले. आईचं कोणी ऐकलं नव्हतं, आता तिचंही कोणी ऐकत नव्हतं. टिकलीने भोंग्याला कोपर मारलं आणि निरागस चेहरा केला.

“सॉरी हं, काका. जातो आम्ही. फक्त एक सांगायचं राहिलं. या पेट्या परवापासून व्हरांड्यात पडल्या होत्या ना? याने गंमत म्हणून सगळ्यांच्या टोकांना तार लावून ठेवली होती. आज सकाळी काढली.”

भोंगा क्षणभर गोंधळला. मग खाली मान घालून गरजला, “सगळ्या शून्यावर आल्यात, काका! अगदी ठार शून्यावर!”

पुरवठादाराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“खटका दाबू नका!” तो ओरडला आणि दाराकडे धावला. “मॅडम, हात काढा! भडकतील सगळ्या!”

बाईंनी हात मागे घेतला.

“सोडियमच्या भडकतील?” त्यांनी विचारलं. “शून्यावर आल्या म्हणून? भिंतीवरची सूचना तर तुम्हीच चिकटवलीत.”

तो दाराची कडी चाचपू लागला.

“तार-बीर काही लावली नव्हती आम्ही,” टिकली म्हणाली. “तुम्ही घाबरता का, तेवढंच बघायचं होतं.”

बाईंनी दार अडवून पहारेकऱ्याला हाक मारली. मग हातमोजे चढवून एक पेटी उघडली. आत जुन्या लिथियम सेलवर नवी कोरी लेबलं होती.

संध्याकाळी बाई स्वतः पहिल्या मजल्यावर आल्या. “चूक तुमची नव्हती,” त्या मुंगीच्या आईला म्हणाल्या. “तसं लेखी देतेय मी. माल खोटा होता, आणि तुमचं दुकान जळाल्यावर का जळालं हे त्या माणसाला कळलं होतं. तरी उरलेला माल त्याने इथे आणला.”

आईने आपल्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. “बारा दिवस एकेक स्क्रू आठवत होते,” ती म्हणाली. “वाटायचं, यातच कुठेतरी माझी चूक सापडेल.”

“ही तिघं नसती, तर एकदा पेट्या शून्यावर उतरून पुन्हा भरायला घेतल्यावर हा मजला उरला नसता. भारी पोरं आहेत! शाबासकी द्या त्यांना.”

आईने मान वळवली. “तो फुटका सेल उचललात, तेव्हा हातमोजे घातले होते का?”

तिघं एकमेकांकडे बघू लागली.

“नाही, मावशी,” भोंगा इतक्या हळू म्हणाला की बाईंना ऐकूच आलं नाही.

“मग शाबासकी राहू द्या, मॅडम. आधी हात दाखवा रे मला.”

सहा हात पांघरुणावर आले. आईला त्यांना शिवता येत नव्हतं. ती नुसती एकेक बोट डोळ्यांनी तपासत गेली. तिसावं बोटही धड निघालं, तेव्हा कुठे ती रडली.