डाव्या बाजूची सीट

घाटाच्या पायथ्याशी माझी स्कूटी बंद पडली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते, आणि दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. डिसेंबरचं धुकं आणि परळीच्या वीज केंद्राची राख एकत्र आली की आमच्याकडं असं होतं. पापण्यांवर करडी पूड बसते, आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

त्या गाडीचा तर आवाजही आला नाही. आधी दोन पिवळे दिवे दिसले, मग लांबलचक हिरवं नाक. गाडी माझ्यापुढं येऊन थांबली. डावीकडची काच खाली गेली आणि आत वाकलेला एक चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे.

"बसा. मी अंबाजोगाईलाच चाललोय."

मी दाराला हात लावला आणि थबकले. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. कुणाच्या तरी छातीवरून घेतल्यासारखा ताणलेला... आणि सीट रिकामी.

"इथं कुणी बसलंय का?"

त्यानं सीटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नाही. पट्टा नाही लावला तर टुंग टुंग वाजत राहतं."

"रिकाम्या सीटवर नाही वाजत ते. खाली वजन लागतं."

"माहितीय," तो हळूच म्हणाला.

मला ते माहीत असायचं कारण म्हणजे माझं कामच ते. मी शिवकन्या, गाड्यांची सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, जुन्या गाड्यांची किंमत ठरवून द्यायची. धुऊन काढलेल्या रक्ताचे डाग मला सीटच्या शिवणीत सापडतात. त्यामुळं मी सहसा घाबरत नाही. पण तो खाली उतरला, माझी स्कूटी त्यानं ढकलत झाडाखाली लावली, रुमालानं माझ्या हेल्मेटवरची राख पुसून दिली, तेव्हा खरं सांगायचं तर माझं लक्ष पट्ट्यावरून उडालंच.

सीट गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. सीट गरम करायचं बटण मी बघितलं... बंद होतं.

"गाडी थांबवलीत, बरं केलंत," मी म्हणाले.

"मी नाही थांबवली."

"मग?"

"पाय ब्रेकवर होता माझा. पण मी दाबला नव्हता." मग माझा चेहरा बघून तो हसला. "तिला तुम्ही आवडला असाल."

"गाडीला?"

"मग अजून कुणाला?"

त्याचं नाव अमरसिंह. पुण्यात शिकून, नोकरी करून दोन वर्षांपूर्वी परत आलेला. वडील मोहनराव एकेकाळी तालुक्याच्या राजकारणातलं बडं नाव. घाटाखाली त्यांची मोठी शेती आणि बंगला. ही परदेशी ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाला बांधलेली दोन दारांची दणकट गाडी, मोहनरावांनी बावीस वर्षं वापरली होती. अमरसिंहला आता ती देऊन टाकून नवी लाल स्पोर्ट्स कार घ्यायची होती. मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यानं विचारलं, आमची गाडी बघून द्याल का. मी नंबर दिला. तो नुसत्या कामासाठी दिला असं मी त्या दिवशी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंगल्यावर गेले. इंजिन छान होतं, रंग मूळचा. मग मी डाव्या सीटखाली हात घातला. वजन ओळखणाऱ्या यंत्राची वायर कापलेली होती, कधीचीच. तांबं काळं पडलेलं. ती वायर कापल्यावर काही वाजायलाच नको होतं. मी पट्टा काढून पाहिला, चावी फिरवली.

टुंग... टुंग... टुंग.

मी चावी काढली. हात पुसले. उरलेलं काम आधी संपवू, असं ठरवून चादर अंथरली आणि गाडीखाली सरकले. तेवढ्यात कोल्हापुरी चपला वाजत आल्या. उजवं दार उघडलं, माझ्या तोंडावरची गाडी थोडी खाली दबली आणि दार लागलं. मोहनराव आत बसले होते. मी खाली आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

ते बोलायला लागले. हरभऱ्याला घाटे धरले, स्वयंपाकाच्या कडूबाईनं आज भाजीत मीठ जास्त टाकलं, पोरगं जेवत नाही नीट. साधं, घरचं बोलणं. मध्येच ते थांबायचे, समोरच्याचं ऐकावं इतकाच वेळ. मग "हां, ते बी खरं हाय" म्हणायचे. एकदा तर हसले. मला बाहेर निघायची लाज वाटत होती, आणि आत राहायची भीती.

वीसेक मिनिटांनी ते उतरले. उजव्या चाकावरची स्प्रिंग कुरकुरत वर आली. चपला दूर गेल्या.

आणि मग डाव्या चाकावरची स्प्रिंग वर आली.

मी हे कुणालाही शपथेवर सांगेन. मी त्या स्प्रिंगपासून वीतभर अंतरावर होते.

अमरसिंहला मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी शोरूमनं नवी गाडी चालवून बघायला पाठवली आणि त्यानं मला सोबत बोलावलं. मत हवंय म्हणाला. लाल, बसकी, टप उघडणारी गाडी. घाटात तिनं एका दमात सहा वळणं घेतली. माझी ओढणी उडून त्याच्या तोंडावर गेली, त्यानं ती एका हातानं बाजूला केली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

"रस्त्याकडं बघा," मी म्हणाले.

"रस्ता पाठ आहे माझा."

"मग ओढणी सोडा."

"ती पाठ नाही अजून..."

मी हसले. तोही हसला. पण वर सपाटीला लागल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. कुठं काही वाजत नव्हतं.

"किती शांत आहे बघा," तो म्हणाला. पण त्या आवाजात आनंद नव्हता.

"ही गाडी तुम्हाला आवडलेलीच नाही," मी म्हणाले.

त्यानं चावी काढून मुठीत धरली. मग त्यानं सांगितलं. त्याची आई, वत्सलाबाई, दोन वर्षांपूर्वी त्या डाव्या सीटवरच गेली. छातीत दुखतंय म्हणून आबा, म्हणजे मोहनराव, तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेत होते. तेव्हापासून आबा रोज चार वाजता गाडीत बसतात. आधी दहा मिनिटं बसायचे, आता तास तास. मागच्या महिन्यात तिथंच ताट मागवलं. दोन ताटं.

"गाडी गेली पाहिजे, नाहीतर आबा जातील," अमरसिंह म्हणाला. "पण नुसती विकली तर गाव विचारणार, कावून विकली? मग सगळं बाहेर येणार. मोहनरावाला वेड लागलं म्हणतील. त्यापेक्षा पोरगं चैनी निघालं, लाल गाडी उडवतंय म्हणू देत. मला हसले तर चालतं."

मी त्याच्याकडं बघत राहिले. राखेत माखलेल्या माझ्या स्कूटीला त्यानं जसं जपून झाडाला टेकवलं होतं, तसंच तो वडिलांना लोकांच्या तोंडापासून जपत होता. माझं जे काही व्हायचं होतं ते त्या क्षणी होऊन गेलं.

"गाडी घेऊ नका अजून," मी म्हणाले. "मला एकदा काकांसोबत त्या रस्त्यानं जायचंय. कामाचा भाग म्हणून सांगा."

रविवारी अकरा वाजता आम्ही निघालो. मोहनराव गाडी चालवत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला, अमरसिंह मागच्या अरुंद जागेत गुडघे आवळून. पट्टा मी स्वतः लावला होता, दोनदा ओढून पाहिला होता. ऊन होतं, पण काच आतून धुरकट होत होती, फक्त माझ्या बाजूची.

घाटाच्या चौथ्या वळणावर टुंग टुंग सुरू झालं.

मी पट्टा चाचपला. लावलेलाच होता. मोहनरावांनी गाडी कडेला घेतली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"इथंच," ते म्हणाले. "दर खेपेला इथंच बोलती ती."

"काय बोलतात काकू?"

"त्येच तर कळंना, पोरी." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "त्या दिवशी माझा फोन चालू होता. झेडपीच्या तिकिटाचं. ती काहीतरी सांगाया लागली, तर मी म्हनलं, थांब जरा. अन् बोलत बसलो... वर सपाटीला गेल्यावर फोन ठिवला, म्हनलं, हां, बोल आता." ते थांबले. "लई येळ मी एकलाच बोलत होतो तिच्याशी. माझं ध्यानच न्हवतं."

मागं अमरसिंहचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. हे त्यालाही माहीत नव्हतं.

टुंग टुंग चालूच होतं. काहीतरी बनवून सांगावं, असा मोह मला झाला. काकू म्हणतात तुमची चूक नाही, काकू म्हणतात सुखी राहा. पण खोटी किंमत मी गाडीचीसुद्धा लावत नाही.

"काका," मी विचारलं, "तुम्ही कधी या सीटवर बसलात?"

"म्या? ती जागा तिची."

"एकदा बसून बघा."

मी पट्टा काढून उतरले. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात हळूच काढले. मग उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि देवळात शिरताना वाकावं तसे वाकून डावीकडं बसले. मी पट्टा त्यांच्या छातीवरून घेतला आणि अडकवला.

आवाज बंद झाला.

दरीतून वर येणारा ट्रकचा घरघराट तेवढा राहिला. मोहनराव समोर बघत होते. मग त्यांनी मान उजवीकडं वळवली, रिकाम्या स्टिअरिंगकडं, जिथं ते स्वतः बावीस वर्षं बसले होते.

"इथून रस्ता दिसतच न्हाई नीट," ते म्हणाले. "इथून मी दिसतो."

पुढचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ मात्र हलत होते, आणि एकदा त्यांनी कान दिल्यासारखी मान कलती केली. काच हळूहळू स्वच्छ झाली. नंतर त्यांनी अमरसिंहला गाडी चालवायला सांगितलं, अंबाजोगाईला नेऊन आम्हा दोघांना चहा पाजला आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "इकून टाक गाडी. मला काई न्हाई तिचं आता."

मी नंतर ती सीट तीन वेळा तपासली. पट्टा लावून, काढून, वजन ठेवून. कापलेली वायर जशी वागायला हवी तशीच वागली.

कोल्हापूरचा एक माणूस जुन्या गाड्या जमवणारा निघाला. त्याला चौसाळ्यापर्यंत गाडी पोचवून हवी होती, तिथून महामार्गानं तो स्वतः नेणार होता. अमरसिंह आणि मी गेलो. त्या दिवशी मोहनराव गाडीला निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. कडूबाई म्हणाल्या, आत जेवायला बसलेत, एकाच ताटावर.

हिरवी गाडी ट्रकांच्या गर्दीत दिसेनाशी झाल्यावर आम्ही दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलो.

"आता लाल गाडी कधी येणार?" मी विचारलं.

"नाही येणार. शोरूमला कळवलं काल. मला ती कधी नकोच होती."

"म्हणजे जुनी गेली, नवी नाही. आता बिनगाडीचे तुम्ही."

"हो. म्हणून म्हटलं, आता विचारावं. गाडीकडं बघून हो म्हणाली, असं मला नंतर वाटायला नको..."

बस आली. खिडकीशेजारी मी बसले. वाहकानं तिकिटं फाडून दिली. मग खाली मान घालून म्हणाला, "आबांना ऐकू आलं त्या दिवशी. आई काय म्हणत होती ते."

मी त्याच्याकडं वळले. "काय?"

"अमरची बायको येईल तेव्हा तिला पुढं बसवा. मी मागं बसत जाईन."

मी खिडकीबाहेर बघितलं. उसाची एक ट्रॉली आम्ही मागं टाकली, मग दुसरी. तो उत्तराची वाट बघत होता. सगळं खरं सांगायचं तर हीच वेळ होती.

"माझे आईवडील उसतोडीला गेलेत, कर्नाटकात. मार्चपर्यंत तिथंच कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहतात," मी म्हणाले. "मला मागायचं असेल तर तिथं यावं लागेल. पाचटावर बसावं लागेल. तुमच्या आबांनासुद्धा."

त्यानं हातातलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मला वाटलं, संपलं. मग त्यानं माझा हात हातात घेतला. भर बसमध्ये, समोर दोन म्हाताऱ्या बघत असताना.

"मला तू आवडतेस, शिवकन्या," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं करत. "कारखाना कोणता, तेवढं सांग."

मी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा घोकलं, आणि वाहकाला हाक मारून विचारलं, तिकडं जायला सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते.