लिव्हरवरचा हात

भुतं रात्रीच दिसतात, असं मलाही वाटायचं.

मी जे पाहिलं ते भरदुपारी पाहिलं. दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. जागा, अकोल्याच्या जुन्या शहरात बाजारामागच्या गल्लीतलं आमचं गॅरेज.

पटलं नाही तर सोडून द्या. पण खोटं सांगून मला काय मिळणार... गेलेला माझाच दीर होता.

नितेश त्याचं नाव. आमचं घर फुलवाल्यांचं, गावाबाहेर झेंडूची वाडी, राहणंही तिथंच. माझ्या मिस्टरांनी, धर्मेंद्रनी, गॅरेज काढलं. नितेश अमरावतीला नोकरीला लागला आणि पहिल्यांदा काय केलं, तर जुनी स्पोर्ट बाइक घेतली. लालभडक. सासूबाई, आमच्या आई, म्हणायच्या, हे गाडी होय का नवरी?

दर रविवारी तो त्या गाडीवर घरी यायचा. आवाज वाडीच्या पलीकडून ऐकू यायचा. तो ऐकला की आई चुलीवर तवा ठेवायच्या.

मागच्या पोळ्यानंतर गाडीचा क्लच बिघडला. दाबला की लिव्हर सरळ मुठीला टेकायची, जीव नसल्यासारखी. नितेश गाडी गॅरेजात ठेवून एसटीनं अमरावतीला गेला. पुढच्या रविवारी दोघं मिळून करू, म्हणाला.

पुढच्या रविवारी तो तापात होता.

त्याच्या पुढच्या रविवारी नव्हता.

गाडी तशीच उभी राहिली. यांनी तिच्यावर चादर टाकली आणि मग त्या कोपऱ्याकडे पाहणंच सोडलं.

आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरतात. त्या दिवशी ते पाणी प्यायला येतात, असं मानतात. घागर भरून नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. नितेशची ती पहिलीच आखाजी.

आईंनी सासऱ्यांची घागर भरली. नितेशच्या घागरीला हात लावेनात.

मी म्हटलं, आई, भरा नं.

त्या कोरड्या डोळ्यांनी अंगणाकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "त्याची गाडी नाई आली, तं तो येईन कशानं? कोनासाठी भरू?"

 हे उठले आणि गॅरेजात गेले.

आदल्या आठवड्यात यांनी एक काम करून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं. चादर काढून गाडी तपासली होती. तिचा क्लच तारेवर नाही, तेलाच्या दाबावर चालतो. मुठीजवळच्या डबीतलं तेल काळं पडलं होतं आणि कमीही झालं होतं. इंजिनापाशी खालचा सिलेंडर ओला दिसला, म्हणजे आतलं सील गेलेलं. यांनी सील बदललं. नवं तेल भरलं. तरी लिव्हर मऊच.

नळीत हवा अडकली होती.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर लिव्हर दाबून धरतो. दुसरा खाली बसून निपल, म्हणजे तेल सोडायचा बारीक स्क्रू, ढिला करतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात. निपल बंद झाला की मगच वरच्यानं लिव्हर सोडायची. आधी सोडली तर हवा परत आत.

वर नेहमी नितेश असायचा.

हे खालून म्हणायचे, दाब. तो म्हणायचा, दाबलं. धर. धरलं. मग तो कुरकुरायचा, "दादा, हात गळून पडन माया. वयनीले सांग, चहा तरी पाठव." आणि हे मुद्दाम अजून थोडं धरायला लावायचे.

आखाजीला हे निघाले तेव्हा मी म्हटलं होतं, मी येते मदतीला. हे म्हणाले, त्या लिव्हरवर दुसऱ्याचा हात नको.

म्हणून एकटेच करायला गेले. लिव्हर ट्यूबच्या रबरानं मुठीला बांधून.

दुपार चढली. आई उपाशी. नितेशची घागर रिकामी. मी यांना बोलवायला निघाले.

गॅरेजच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लाइट गेलेली. कूलर बंद, पंखे बंद. सगळं इतकं गप्प, की माझ्या चपलेचाच आवाज मला मोठा वाटत होता.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं.

आतून यांचा आवाज आला.

"दाब."

मग... कर्र.

"धर."

तेल बाटलीत पडल्याचा बारीक आवाज.

"सोड."

टक्.

मला बरं वाटलं. शेवटी कोणाला तरी मदतीला घेतलं म्हणायचं. मी वाकून आत शिरले.

हे गाडीच्या पलीकडे जमिनीवर बसले होते. मान खाली. हातात पाना. डोळे निपलला लावलेल्या पारदर्शक नळीवर.

रबर जमिनीवर पडलं होतं.

गाडीपाशी दुसरं कोणी नव्हतं...

"दाब," हे म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर लिव्हर मुठीकडे गेली. हळूच. चार बोटांनी ओढावी तशी.

मी शटरची कड धरली.

यांना माझी चाहूल लागली असावी. वर न पाहताच म्हणाले, "गीता, बस खाली. वर पाहू नको."

मी बसले. यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात मात्र बिनचूक चालत होते. बुडबुडे कमी झाले. मग एकही नाही. नळीत नुसतं स्वच्छ तेल.

यांनी निपल घट्ट केला.

काम झालं होतं. आता फक्त एक शब्द बाकी होता.

पण हे "सोड" म्हणेनात.

"धरून ठेव," म्हणाले. "अजून थोडं धर रे, बाप्पा."

लिव्हर तशीच राहिली. आतली स्प्रिंग तिला मागे ढकलते. हात नसेल तर ती क्षणभरही तशी राहत नाही, हे मलाही माहीत होतं.



मला घरच्या अंगणात बसलेल्या आई आठवल्या. मीच बोलले. 

"भाऊजी, घरी चला. आई उपाशी आहेत."

लिव्हर थरथरली.

मग सावकाश, फार सावकाश मागे गेली.

टक्.

यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"काहून बोलावलं त्याले?" म्हणाले. "होता नं तो इथं."

मी उठून शटर पूर्ण वर केलं.

गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. मी यांच्या मागे बसले. आवाज वाडीपाशी पोचला तेव्हा आई दारात उभ्या होत्या.  आत गेल्या, नवी घागर भरली, वर आंबा ठेवला आणि जात्यावर म्हणतात तशा आवाजात म्हणाल्या,

आखाजीच्या दिशी, घागर थंडगार
पाण्याले येजो बापू, ऊन झालं फार

मग त्या रडल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

मला वाटलं, सुटलो सगळे.

गाडी आता अंगणातच असते. परवा दुपारी भाकरी थापता थापता मी खिडकीतून पाहिलं. हे गाडीपाशी बसले होते. क्लच एकदम चांगला होता. सकाळीच हे गाडीवर बाजारात जाऊन आले होते.

यांनी स्वतःच्या हातानं निपल ढिला केला. लिव्हर दाबली आणि सोडून दिली. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. हवा आत जाऊ दिली.

मग खाली बसले. मान खाली घातली. अगदी हळू म्हणाले...

"दाब."

मी खिडकी लावून घेतली.

पुढचा आवाज आला की नाही, मला माहीत नाही. आला असता तरी सोसला नसता, नसता आला तरी सोसलं नसतं.