महिपतकाकांची वास्तुशांत

डोंबिवलीत पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस. आमचं म्हणजे मी आणि महिपतकाका. मी आर्किटेक्ट, काका इमारतींची मॉडेलं बनवतात. ठाण्याची नोकरी सोडून मी त्यांना सोबत घेतलं, तेव्हा माझे साहेब गोपीनाथ सर म्हणालेले, "अगं ऋजुता, तो माणूस चक्रम आहे. वर्षात परत येशील."

ती वेळ आलीच होती. टिटवाळ्याच्या एका वसाहतीच्या डिझाइनची स्पर्धा होती. ती हरले की ऑफिसला कुलूप आणि पुन्हा सरांचं टेबल. समोर स्पर्धेत सरच होते, म्हणजे झालंच माझं कल्याण.

काकांची एक खोड. मॉडेलमध्ये बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची माणसं चिकटवतात ना, ती ते शेवटपर्यंत लावत नाहीत.

"घराची शांत झाल्याशिवाय माणसं आत कशी जातील, ताई?"

स्पर्धेच्या आदल्या दुपारी त्यांनी मॉडेलच्या फाटकाला झेंडूची पाकळी लावली. बाटलीच्या बुचात दूध घेऊन मेणबत्तीवर उतू घालवलं. खोलीभर करपट वास सुटला. मी डोक्याला हात लावला.

"माणसं विसरू नका म्हणजे मिळवलं."

"येतील की," काका म्हणाले.

सकाळी माणसं होती. पण सगळीच्या सगळी पार्किंगमध्ये. बायका, पोरं, काठी टेकलेला म्हातारा, गप्पांना जमावीत तशी गोलात. काका आले नव्हते, फोनही लागेना. मी एकाला ओढून पाहिलं, हलेना. बोटाला कोमट लागलं. खालच्या गिरणीची धग असेल, म्हटलं. त्या धांदलीत माझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला. सेफ्टी पिन अडकवली, मॉडेल टेम्पोत चढवलं आणि ठाणं गाठलं.

परीक्षक नीरजा मॅडम मॉडेलवर वाकल्या.

"पार्किंगमध्ये माणसं?"

मागे गोपीनाथ सर हसले. मी त्या घोळक्याकडे पाहिलं आणि खरं सांगते, तिथं गाड्या उभ्या करायची कल्पनाच सहन होईना.

"पार्किंग नाही, मॅडम. अंगण आहे. गाड्या तळघरात जातील. सगळी दारं अंगणाकडे उघडतील."

मी बोलत सुटले. नोकरीत असताना कुणी बोलू दिलं नव्हतं ते सगळं बोलले. मॅडम बराच वेळ वाकूनच होत्या.

"इथं राहायला यावंसं वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही जिंकलो. सरांनी हात मिळवला, पण नजर मॉडेलवरच.

"तुझा हा मॉडेलवाला आहे तरी कसला गं?"

"चक्रम आहे, सर."

इतकं गोड वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

पेढे आणि प्लास्टिकनं झाकलेलं मॉडेल घेऊन परत आले. काका दारात उभे होते, चेहरा पडलेला.

"सॉरी ताई. कल्याणला अडकलो. माणसं लावायची राहिलीच."

त्यांच्या हातात माणसांचं पाकीट होतं. त्याच्या स्टेपलच्या पिनाही निघाल्या नव्हत्या.

मी आधी हसले. मग मॉडेलवरचं प्लास्टिक काढलं.

अंगण रिकामं होतं.

"गेली आत," काका पेढा तोंडात टाकत म्हणाले. चेहरा एकदम खुलला.

प्रत्येक दाराबाहेर चपलांचा जोड होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दाराबाहेरही एक होता. मी वाकले.

डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन होती.