मिठाच्या वाटेचं गाणं

कल्याणला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं होत आली होती, तरी कोलशेतची माणसं तिकडे अजून भरतीच्या पाण्यावर होडीनंच ये-जा करायची. गाव मिठागरांचं. पंढरी तिथं मीठ ओढायचा आणि त्याची बायको सगुणा मिठाच्या पाट्या वाहायची. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या उन्हाळ्यात पंढरीनं बायकोवर गाणं बांधलं.

बांधलं तेही तिच्या देखत. मिठाच्या राशीला टेकून भाकरी खाता खाता तो एक ओळ म्हणायचा, मोडायचा, पुन्हा जुळवायचा. "लोक हसतील," सगुणा म्हणायची. "हसू दे," तो म्हणायचा.

मिठाचे वाटंला पाय तुजा रुतला गो,
चांदना सांडला का मीठ, मना नाय कलला गो.

कुणी हसलं नाही. पहिल्यांदा त्यानं मिठागरात गायलं तेव्हा माणसं ओढायच्या फळ्या हातात धरून तशीच उभी राहिली. मग गाणं पंढरीच्या पुढे धावू लागलं. मिठाच्या गाड्यांबरोबर घोडबंदरला गेलं, बाळकूमच्या लग्नात वाजलं. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर तो गायला लागला की वाण्याचा तराजू अधांतरी राही आणि गिऱ्हाईकही तक्रार करत नसे. आवाजच तसा होता त्याचा. ओल्या दोरासारखा, ताणला की अधिक घट्ट होणारा. बायका सगुणाकडे वळून वळून बघायच्या. "हीच का गं ती?" सगुणा लाजून पदर पुढे ओढी, पण मनातून तिला गोड गुदगुल्या होत.

टेंभी नाक्यावरच एकदा फुलं विकणारी एक म्हातारी डोळे पुसत पुढे आली. "किती वर्षांनी ऐकलं रे बाबा! माझी आई जात्यावर म्हणायची हे."

पंढरी हसला. "आजी, होळी झाल्यावर बांधलाय मी हा."

म्हातारीनं वाद घातला नाही. तिनं पुढची ओळ म्हणून दाखवली. शब्दाला शब्द बरोबर. 'कलला' म्हणताना पंढरी गळ्यात जी बारीकशी मुरड घ्यायचा, तीसुद्धा.

गाडीवाल्यांकडून ऐकलं असेल, सगुणानं मनाशी म्हटलं. पण ढोकाळीला तेच झालं, मग बाळकूमला. जाईल तिथं म्हातारी माणसं पंढरीच्या पाठीवरून हात फिरवायची. "जुनं गाणं जिवंत केलंस पोरा!" ती तोंडभरून कौतुक करायची, आणि ते कौतुकच त्याला चावायचं. हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली, की पंढरीनं गाणं चोरलंय. त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"तुज्यासमोर बांधला ना मी? तू तरी सांग."

"माज्यासमोरच," सगुणा म्हणाली. "खाडीची आन."

कल्याणला हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती. लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. तिला ठाऊक नाही असं जुनं गाणं नाही, असं सगळे म्हणत. ती सांगेल तो न्याय, असं ठरलं. सकाळच्या भरतीला गावातल्याच पोपटच्या होडीतून नवरा-बायको कल्याणला गेले.

हौसाबाई एका लग्नाच्या मांडवात बसली होती. डोळ्यांत मोती उतरलेले. पंढरीनं समोर बसून गाणं म्हटलं. मांडवातली तांदूळ निवडणारी बोटं थांबली.

"गला देवाचा हाय तुजा," हौसाबाई म्हणाली. "पन अर्धाच का गातोस?" आणि तिनं पुढचं कडवं धरलं.

पाटी काय आपसूक परली नाय गो,
त्याचे वाटंला मीच सांडली गो.

लग्नाआधी बांधावर पंढरीसमोर सगुणाची पाटी उलटली होती. तो मीठ भरू लागायला थांबला आणि तिथूनच सगळं सुरू झालं. पाटी तिनं मुद्दाम कलती केली होती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पंढरीलाही नाही.

पंढरीचा चेहरा मात्र उजळला. "माज्या गान्यात हा नायच! म्हंजे तुमचा गाना दुसरा." त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पुरुषांच्या पंगतीला हाक आली तसा तो हसतच उठून गेला.

सगुणा म्हातारीच्या जवळ सरकली. "आजी, पुढं काय हाय?"

"पुढचा बाप्यांसमोर म्हनत नाय." हौसाबाईनं तिचं डोकं आपल्याकडे ओढलं आणि कानात म्हटलं,

भरतीचे पान्यावर होरी आली गो,
गला आला, माजा धनी नाय आला गो.

"धनी कुठं गेला?"

"गान्यात तेवराच हाय, बाय."

होडीनं परत जायचं नाही, एवढं सगुणानं पक्कं केलं. बंदरावर पोपट होडी सोडायच्या तयारीत होता. "मना पानी लागतं, पोटात ढवलतं," तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. पंढरीनं तिची थट्टा केली, पण ऐकलं. "तू गाडी बघ. मी पोपटला सांगून येतो."

ठाण्याकडे निघालेली गवताची गाडी तिला मिळाली. ती चढून बसली. थोड्या वेळानं तो मागून आला आणि तिच्या पाठीशी बसला.

मुंब्र्याचा डोंगर गेला, कळव्याचा पूल गेला. तो काही बोलला नाही. दमला असेल, तिला वाटलं.

घरी तो पोटभर जेवला आणि झोपला. सगुणानं उंबऱ्यावर डोकं टेकलं. धनी घरी आला होता.

सकाळी पोपट अंगणात उभा.

"पंढरी उठला का? काय गायला गो काल!"

"काल?" सगुणा म्हणाली. "काल तो माज्यासंगती गारीनं आला."

"चल, मस्करी नको करू. होरीच्या टोकाला बसलेला, तोंड पान्याकरं करून. सगली वाट गायला. आपले बंदराला उतरला नि मिठागराच्या बांधानं गेला. मना वाटला, घरी पोचला असंल."

सगुणा नुसती मान हलवत राहिली. पोपटला वाटलं, तिला पटत नाही. म्हणून त्यानं आपल्या घोगऱ्या आवाजात पहिली ओळ धरली. मिठाचे वाटंला पाय तुजा रुतला गो...

तिच्या मागे दारात नवरा येऊन उभा राहिला होता. चौकटीला गाल टेकून तो ऐकत होता. ओळ संपली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"झकास हाय," तो म्हणाला. "कोनाचा गाना हाय ह्यो?"